खुब्याचं हाड मोडल्यावर म्हाताऱ्या माणसाला काय हवं असतं?

मोठी आई पडली ती दिवाळीच्या आठ दिवस आधी. पहाटेची वेळ, न्हाणीच्या फरशीवर साबणाचं पाणी, हातात भरलेली बकेट. आवाजसुद्धा फारसा झाला नाही म्हणे. उचलायला गेलो तर उजवा पाय बाहेरच्या बाजूला कलंडलेला आणि डाव्यापेक्षा बोटभर आखूड. शेजारचे काका म्हणाले, मुका मार आहे, तेल चोळा. कुणी म्हणालं, पलीकडच्या गावात हाड बसवणारा आहे, त्याला बोलवा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या गावांत हे दोन सल्ले ॲम्ब्युलन्सच्या आधी पोचतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. म्हातारं माणूस पडलं, उभं राहता येत नाही आणि पाय असा बाहेर वळून आखूड दिसतोय, तर खुब्याचं हाड मोडलं असंच धरून चालायचं. चोळायचं नाही, ओढायचं नाही, कामट्या बांधायच्या नाहीत. आहे तसं फळीवर किंवा बाजेसकट उचलायचं आणि १०८ ला फोन करायचा. कधीकधी हाड मोडूनही जागचं हललेलं नसतं. तेव्हा पाय सरळ दिसतो, माणूस लंगडत चालतोसुद्धा. जांघेत दुखतंय आणि पायावर भार देववत नाही अशी तक्रार असेल तरी एक्स-रेचा फोटो काढून घ्यायचा.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून दादाला सगळं समजावलं. ऑपरेशन कधी, खर्च कसा, किती दिवस ठेवावं लागेल, घरी कोण बघणार. मोठी आई तिथेच, हातभर अंतरावर पडून होती. तिला फक्त एवढंच विचारलं, "आजी, दुखते का?" तीन दिवसांनी, ऑपरेशन झाल्यावर, खोलीत दुसरं कुणी नाही बघून तिने मला विचारलं, "बाबू, मले पाटावर बसता येईन का?"

मी म्हटलं, येईल येईल. खरं तर मला माहीत नव्हतं. तिचा प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं की याचं उत्तर देण्याआधी हाड नेमकं कुठे मोडलं आणि त्यात काय घातलं हे माहीत असावं लागतं. घरातल्या कुणालाच ते सांगता आलं नसतं.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा. तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसलेला असतो. गोळ्याखाली बारीक मान, मानेखाली रुंद भाग. म्हातारपणी हाड ठिसूळ झालं की साध्या पडण्यानेही मोडतं, ते बहुधा मानेत किंवा त्याखालच्या रुंद भागात. गोळ्याला होणारा रक्तपुरवठा बराचसा मानेवरून जातो. मान मोडून सरकली की तो तुटतो, आणि गोळा पुढे निकामी होऊ शकतो. म्हणून उतारवयात मोडकी मान जोडत बसण्यापेक्षा बहुतेक वेळा धातूचा गोळा बसवतात. कधी वाटीही बदलतात. खालचा रुंद भाग मोडला तर तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळून येतं. त्यात आतून रॉड किंवा बाहेरून प्लेट टाकून स्क्रूने धरून ठेवतात. लोकांच्या बोलण्यात हे दोन प्रकार बरोबर येतात: एकाचा "गोळा बदलला", दुसऱ्याला "रॉड टाकला".

गोळा बदललेल्या माणसाचा सांधा, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, फार वाकवला किंवा पायावर पाय टाकला तर निखळू शकतो. चीर मागून दिली की पुढून, यावरही ते ठरतं. अशा माणसाला उकिडवं बसायला, मांडी घालायला, बुटक्या आसनावर बसायला बहुधा मनाई असते, आणि उकिडवं बसू नका असं पुष्कळ डॉक्टर कायमचंच सांगतात. रॉड टाकलेल्यांचं वेगळं. हाड नीट जुळलं, ताकद आली, तर पुढे हळूहळू खाली बसण्याचा प्रयत्न करता येतो. मोठ्या आईला रॉड टाकला होता. म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर "आत्ता नाही, चार-पाच महिन्यांनी फोटो बघून ठरवू" असं होतं. माझं "येईल येईल" त्यात कुठेच बसत नव्हतं.

पाटाचं एवढं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. आमच्याकडे जेवण खाली, देवपूजा खाली, भाजी निवडणं खाली, शेजारणीशी गप्पा ओसरीवर खाली, संडास उकिडवं. खाली बसता येत नाही ती बाई घरात असूनही सगळ्यांच्या डोक्यावर, खुर्चीत, पाहुण्यासारखी बसलेली असते. दवाखान्यात सुधारणा मोजतात ती मात्र खुर्चीवरून. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा, किती सेकंद लागले? चाचणी चांगली आहे, जगभर वापरतात, तोल आणि ताकद दोन्ही त्यात दिसतात. पण उंबरठा, सारवलेलं अंगण आणि पाट तीत येत नाही.

हाड मोडलेल्या वृद्धांशी बसून बोलणारे अभ्यास अनेक देशांत झाले आहेत. त्यांत पुन्हापुन्हा येणारी गोष्ट साधी आहे: डॉक्टरांना हाड जुळलेलं हवं असतं, फिजिओथेरपिस्टला पावलं वाढलेली हवी असतात, आणि त्या माणसाला पडण्याच्या आदल्या दिवशीचं आयुष्य परत हवं असतं. सिडनीतल्या ७५ वर्षांवरच्या १९४ बायकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. खुब्याचं हाड मोडून परावलंबी होऊन वृद्धाश्रमात राहावं लागण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांतल्या ८० टक्के बायकांनी सांगितलं. आमच्याकडे वृद्धाश्रमाचा प्रश्न सहसा येत नाही, पण "मेलेली बरी" हे वाक्य ज्या घरात असा पेशंट आहे तिथे आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. आपण ते नेहमीचं बोलणं म्हणून सोडून देतो.

हवं ते रोज सारखंही नसतं. पहिल्या दोन दिवसांत फक्त वेदना थांबायला हवी असते. आमच्याकडे "सहन करते बिचारी" हे कौतुकाने सांगतात. पण दुखणं आटोक्यात नसेल तर माणूस उभा राहत नाही, आणि उभा राहिला नाही तर पुढचं सगळं अडतं. वेदनेची गोळी वेळेवर देणं हा चालायला शिकवण्याचाच भाग आहे.

याच दिवसांत आणखी एक प्रकार होतो. तिसऱ्या रात्री मोठी आई "बैल सुटले, बैल सुटले" म्हणून उठायला लागली. वहिनीला ओळखेना. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. ऑपरेशननंतर वृद्धांमध्ये असा भ्रम पुष्कळदा होतो. वेदना, जंतुसंसर्ग, औषधं, पाणी कमी पडणं, झोपमोड, अशी कारणं त्यामागे असतात, आणि बहुतेकांमध्ये तो ओसरतो. डॉक्टरांना लगेच सांगायचं. चष्मा लावून द्यायचा, दिवसा खिडकी उघडी ठेवायची, ओळखीच्या माणसाने जवळ बसून कुठे आहोत, काय झालं ते शांतपणे सांगत राहायचं. रागावून गप्प बसवायचं नाही.

मग येतो संडास. याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. मोठ्या आईने तर दोन दिवस पाणीच कमी प्यायलं, कारण भांडं सुनेला द्यावं लागतं. "तिले कितीक दा हाका मारू? ते बिचारी कापसाले जाते." पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठ होतो, लघवीचा संसर्ग होतो, भ्रम वाढतो. तरी तिला ते परवडत होतं, हाक मारणं परवडत नव्हतं. ज्या घरात म्हातारी म्हणते "मले काई नको", तिथे सगळ्यात आधी एकटीने संडासला जाता येण्याची सोय करावी. बाकीचं ती नंतर मागते.

आणि मागत नाही अशी एक गोष्ट म्हणजे माहिती. रॉड आत किती दिवस राहणार? (काही त्रास झाला नाही तर कायमचा.) टाके कधी निघणार? कड बदलताना दुखतं म्हणजे काही सुटलं का? पाय टाकला तर रॉड वाकेल का? हे प्रश्न मुलाला कधी पडत नाहीत, कारण पाय त्याचा नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर फारच महत्त्वाचं आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करावं, चालवायला सुरुवात करावी, असं आता जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ऑपरेशन करण्याचा मुख्य हेतूच तो असतो, की माणसाला पायावर भार देता यावा. तुमच्या डॉक्टरांनी काही खास कारणाने भार देऊ नका सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. सांगितलं नसेल तर स्वतः विचारा, "किती भार द्यायचा?" आणि उत्तर कागदावर लिहून मागा.

कारण घरी आल्यावर प्रेमाचा मारा सुरू होतो. येणारा प्रत्येक पाहुणा पपई ठेवतो आणि सांगतो, "आराम कर माय, उठू नको." एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं, तर तेवढ्यात त्यांच्या पायांतून जवळपास एक किलो मांस उतरलं. ते धडधाकट होते. इथे हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, भूक मेलेली. त्यात पाठीला जखमा, छातीत कफ, पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ. खुब्याचं हाड मोडलेल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के माणसं वर्षभरात जातात, आणि जगलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपासच पूर्वीसारखी चालू लागतात. हे आकडे म्हातारीसमोर वाचून दाखवण्यासारखे नाहीत. तिला घट्ट पांघरूण घालून निजवणाऱ्या मुलाला मात्र सांगावेत.

घरातल्या सोयी करताना आम्ही ज्या चुका केल्या त्या जरा सविस्तर सांगतो. पहिली चूक बाजेची. आमची बाज बुटकी, नवार सैल. मोठी आई तिच्यात खड्ड्यात पडल्यासारखी बसायची आणि उठताना दोन माणसं लागायची. उंच आणि टणक जागेवरून उठणं कितीतरी सोपं असतं. पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलं पाहिजे आणि कंबर गुडघ्याच्या किंचित वर राहिली पाहिजे. दादाने चार पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. दुसऱ्याच दिवशी एक वीट सरकली. मग सुताराकडून वर खळगा केलेले लाकडी ठोकळे करून घेतले, बाजेचा पाय त्या खळग्यात बसतो. नवार ताणून घेतली. त्या संध्याकाळी ती वॉकर धरून एकटी उठली.

वॉकरचंही तसंच. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, हे दवाखान्याच्या फरशीवर छान जमलं होतं. घरी आल्यावर कळलं की तो मधल्या दारातून आडवाच जातो आणि उंबरठ्याला अडतो. उंबरठ्याला दोन्हीकडून सिमेंटचा उतार करून घेतला. अंगणात, सारवलेल्या जमिनीवर, रबरी टोप्या रुततात किंवा घसरतात, त्या झिजल्या की लगेच बदलायच्या. ओसरीपासून न्हाणीपर्यंत दादाने कमरेच्या उंचीवर बांबूचा कठडा बांधला. माझ्या मते घरातल्या सगळ्या खर्चात हा बांबू सगळ्यात कामाचा ठरला.

संडास अंगणाच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून, उकिडवा. पहिले तीन महिने मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची बाजेजवळ आणि नंतर संडासातल्या भांड्यावर ठेवली. रात्रीसाठी उशाशी बटण असलेला दिवा, आणि लाइन जाते म्हणून टॉर्च. पायऱ्यांचा नियम असा की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुखऱ्या बाजूलाच धरावीशी वाटते, आमच्या गावात काठीवर चालणारे निम्मे तशीच धरतात.

यात एक अडचण आहे जिच्याबद्दल शहरातलं कुठलंही माहितीपत्रक बोलत नाही. दिवाळी ते संक्रांत हा कापूस वेचणीचा हंगाम. घरात दिवसा कुणी नसतं. फिजिओथेरपिस्ट तालुक्याला, एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर, आणि सुनेने एक दिवस पेशंटला नेलं की तिचा एक दिवसाचा रोज बुडतो. "रोज चार वेळा व्यायाम करवून घ्या" हे सांगणं सोपं आहे. कोण करवून घेणार? आम्ही शेवटी असं केलं: दवाखान्यातून निघण्याआधी फिजिओताईंकडून व्यायाम शिकून त्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतला, आणि ते कामांना जोडून टाकले. पहाटे चहाच्या आधी पडल्यापडल्या घोटे वरखाली, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून तो दाबून धरणं. वहिनी शेतात निघताना उठबस. दुपारी शाळेतून आलेल्या नातवाबरोबर खिडकीचे गज धरून पाय बाजूला उचलणं. तो मोजायचा आणि मोठी आई त्याला दहाच्या पुढे चुकला म्हणून रागवायची. कुणी येणारच नसेल त्या दिवशी घोटे आणि टॉवेल तरी होतात.

भीती हा वेगळाच विषय आहे. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडेन या धास्तीने हलणं कमी करतं, हलणं कमी झालं की ताकद जाते, आणि ताकद गेली की खरंच पडतं. "घाबरू नको" म्हटल्याने भीती जात नाही. दीड महिन्यांनी आमच्याकडे आलेल्या आशाताईंनी एक बरं केलं. त्यांनी विचारलं, "आजी, नेमकी भीती कुठं वाटते?" उत्तर अगदी नेमकं होतं: न्हाणीच्या दारात, वळताना. तिथे खडबडीत फरशी टाकली आणि भिंतीत एक हँडल बसवलं. बाकी घरात तिला भीती नव्हतीच.

बायकांचं बोललो, पुरुषांचं थोडं वेगळं असतं. गावातल्या एका आबांचा गोळा बदलला होता. घरात ते फिरत होते, डॉक्टर खूश, मुलगा खूश, आबा मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून. त्यांना धुऱ्यापर्यंत जाऊन तूर बघायची होती. घरातल्या फरशीवर कितीही चाललं तरी ढेकळांवर चालायचा सराव त्यातून होत नाही. ते आधी गाडीवाटेवर, मग कडेच्या गवतावर, एका हाताला माणूस घेऊन शिकावं लागतं. त्यांना तेवढं कुणी विचारायला चार महिने लागले. बैलगाडीतून नेऊन दाखवता आली असती, हे नंतर सुचलं.

पैशांचं थोडक्यात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड काढता येतं. योजनेतला दवाखाना आहे का ते भरती होतानाच विचारावं. वॉकर, काठी, कमोड खुर्चीसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या माणसाला तीत एकदाच ३,००० रुपये मिळतात. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

आजारी म्हणून पातळ पेज आणि खिचडीवर ठेवू नका. मांस भरून यायला तुरीचं घट्ट वरण, चणे, अंडी, दूध, दही लागतं. आणि हे हाड मुळात ठिसूळ होतं म्हणून मोडलं, तेव्हा दुसरं मोडण्याचा धोका आता वाढलेला आहे. हाड मजबूत करणारी औषधं असतात, त्यांतलं एक इंजेक्शन तर वर्षातून एकदाच घ्यायचं असतं. कॅल्शियमच्या गोळीवर समाधान न मानता डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. पोटरी सुजली, अचानक दम लागला, जखमेतून पाणी येऊ लागलं, किंवा चालणारा माणूस एकाएकी भार देईनासा झाला, तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

पाचव्या महिन्यात फोटो काढला. हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी या वेळी तिलाच विचारलं, "आजी, आता काय करायचं आहे?" तिने वेळ घालवला नाही. आधी पाट, मग शेजारच्या मावशीची ओसरी. ओसरी आमच्या दारापासून साठेक पावलं, मधे हापशी. पहिल्या दिवशी हापशीपर्यंतच झालं, तिथे खुर्ची ठेवली. आठवड्याने ओसरी आली. तिथे उन्हाळ्याच्या वड्या घालायच्या चालल्या होत्या.

पाटाचं असं आहे की दोन पाट एकावर एक ठेवून, भिंतीला टेकून, ती आता स्वतः बसते. उठायला मात्र अजून दोघी लागतात. पुढची तपासणी ज्येष्ठात आहे. एकटीने कधी उठता येईल, हा प्रश्न तिने नातवाकडून वहीत लिहून ठेवला आहे.